हत्तीच्या घरातलं प्यादं

पंढरी तामोरेविषयी कुणी विचारलं असतं तर दिनानाथला धड चार वाक्यं सांगता आली नसती. सातपाटीत त्याचं घर कुठल्या आळीत, त्याला मुलं किती, त्याला लिहिता-वाचता येत होतं की नाही, यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. भेट व्हायची ती किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या नावेच्या आडोशाला, नाहीतर बाजारात. ज्याला आपण ओळखतो म्हणायचं त्याच्या उंबऱ्याला एकदा तरी पाय लागायला हवा. दिनानाथचा तोही लागला नाही. एवढ्याशा ओळखीवर एखाद्याविषयी काही सांगायला बसणं म्हणजे आगाऊपणाच.

पण एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. पंढरीने त्याला बुद्धिबळाच्या एका डावात हरवलं होतं. तो स्वतः समोर बसला होता, हरलेला राजा त्याचाच होता. आणि नेमकी तेवढीच गोष्ट मानायला पालघरात कुणी तयार नव्हतं.

दिनानाथ खैरनार अंमळनेरचा. तारापूरला वीजघराचं बांधकाम सुरू झालं तेव्हा नकाशे काढण्याच्या कामावर तो इकडे आला आणि बोईसरला आणखी तिघांबरोबर एक खोली घेऊन राहू लागला. चार महिने पावसाचे आणि चिखलाचे. संध्याकाळी करायला काही नसायचं. खोलीतले बाकीचे पत्ते कुटायचे, हा एकटा कोपऱ्यात पट मांडून दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायचा. खेळ त्याला मामांनी शिकवला होता, तोही नव्या पद्धतीने, म्हणजे प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, राजाचा किल्लेकोट होतो, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलतात, ती पद्धत. त्यामुळे सहासष्टच्या श्रावणात स्टेशनासमोरच्या हॉटेलात पालघरच्या एका मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेची जाहिरात दिसली, तेव्हा त्याने चहा अर्धा टाकून नाव नोंदवायला गाडी धरली.

मंडळाचे कार्यवाह तात्या. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीतून निवृत्त होऊन आलेले, पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा कोट, आणि तरुणपणी आपण एका गोऱ्या साहेबाला बरोबरीत रोखलं होतं ही एक गोष्ट, जी पालघरात ऐकली नाही असा माणूस नसावा. स्पर्धेचे पंच तेच, निकाल सांगणारे तेच, आणि तक्रार करायची झाली तर ती ऐकणारेही तेच. पहिल्या दिवशी त्यांनी नियम वाचून दाखवले, आधी इंग्रजीतून आणि मग, खोलीभर नजर फिरवून, मराठीतून.

ती नजर सातपाटीच्या माणसांवर फिरली होती. श्रावणात नावा किनाऱ्यावर झापांनी शाकारलेल्या असतात, समुद्र बंद असतो, माणसं जाळी शिवत बसलेली असतात आणि मधल्या वेळात बुद्धिबळ खेळत असतात. त्यांच्यातले आठदहा जण ओळीने येऊन बसले होते. खेळ त्यांचा जुना, देशी. त्यात प्यादं एकेक घरच चालतं. किल्लेकोट नाही. आणि प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं, की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं ते मोहरं होतं: घोड्याच्या घरात घोडा, उंटाच्या घरात उंट. शिवाय त्यांच्यात डाव दोघांचा नसतो, सगळ्या आळीचा असतो. बघणारे बोलणारच.

"अरे, त्यो घोडा बग ना, कवाचा बांदून ठेवलाय."

"गप रे. त्याला खेलूं दे."

"खेलतोय कुटं? झोपलाय."

तात्यांनी मधे बाक आडवे लावले. "ही काय मासळीबाजाराची जागा आहे?"

बाकापलीकडून एक म्हातारा सावकाश म्हणाला, "मासलीबाजार आसता तं तराजू तरी आसता."

सगळे हसले. दिनानाथही हसला. तात्या हसले नाहीत. म्हाताऱ्याच्या त्या बोलण्यात विनोद किती आणि शहाणपण किती, हे पुढच्या रविवारी कळायचं होतं.

सातपाटीची माणसं भराभर हरली. प्यादी दोन घरं पळतात म्हटल्यावर त्यांचे सगळे हिशेब चुकत. उरला एकटा पंढरी. चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, नावेवर तांडेल, म्हणजे नाव चालवणारा प्रमुख. तो नवे नियम खेळता खेळता शिकला. पहिल्या डावात समोरच्याने किल्लेकोट केला तेव्हा तो म्हणाला, "ह्याचा राजा नि हत्ती एकाच वेलेला उटले, तुमी बगितलं नाय का?" दुसऱ्या डावात त्याने स्वतः किल्लेकोट केला आणि बाकाकडे वळून म्हणाला, "बगा, आमीबी चोर जालो." असं करत करत तो अंतिम डावापर्यंत आला. तिथे त्याच्यासमोर दिनानाथ होता.

ढाल होती लाकडाची, वर पितळी पत्रा. जिंकणाऱ्याच्या नावाची पट्टी त्यावर लागायची आणि ढाल वर्षभर त्याच्या गावात राहायची. सातपाटीच्या माणसांनी मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत खिळा कुठे ठोकायचा तेही ठरवून ठेवलं होतं. पंढरी त्यावर काही बोलायचा नाही. त्याला ढाल हवी होती का? असेल. पण दिनानाथला पुढे जे कळलं त्यावरून सांगायचं तर त्याला हवं होतं ते याहून साधं होतं. जिंकलो, तर जिंकला म्हणा. एवढंच.

तो रविवार. पाऊस धरून होता, दुपारीच दिवे लावावे लागले होते. डाव लांबला. मोहरी मारामारीत संपत गेली, आणि शेवटी पटावर फारसं काही उरलं नाही. दिनानाथचा काळा राजा पटाच्या कोपऱ्याजवळ कोंडला होता. त्याच्या पाठीशी त्याचंच एक प्यादं, पण त्याच्या वाटेत राजाच उभा, राजा हटल्याशिवाय ते हलणार नव्हतं. एक घर सोडून पंढरीचा राजा पहाऱ्यावर. दिनानाथच्या राजाला जायला एकच घर मोकळं होतं: अगदी कोपऱ्यातलं. आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला, हत्तीच्या पट्टीत, पंढरीचं प्यादं शेवटच्या ओळीच्या दारात उभं होतं.

दिनानाथच्या मनात एक आशा वळवळत होती. पंढरीचं प्यादं पोचेल आणि त्याने वजीर घेतला, तर वजीर तिरका बघतो. त्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी रेघ पटभर जाऊन नेमकी या कोपऱ्यातल्या मोकळ्या घरावर पडते. मग दिनानाथच्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. अशाला कोंडी म्हणतात, आणि नव्या नियमात कोंडी झाली की डाव बरोबरीत सुटतो. वजीर म्हणजे सुटका. हत्ती घेतला, तर हत्ती सरळच बघतो, कोपरा मोकळा राहतो, राजाला तिथे जावं लागतं आणि दोन-तीन चालींत मात होते.

पंढरीने प्यादं पुढे सरकवलं. बाजूला पडलेल्या मोहऱ्यांतून हत्ती उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला, आणि प्याद्याच्या जागी ठेवला.

बाकापलीकडे कुणीतरी दीर्घ श्वास सोडला. दिनानाथ मनातल्या मनात हरला. हात पुढे करायच्या विचारात होता, तेवढ्यात तात्यांचा हात पटावर आला.

"हत्ती नाही," तात्या म्हणाले. "वजीर."

"हत्तीचं घर हाय," पंढरी म्हणाला.

"हे तुमचं गावठी. इथे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. प्यादं पोचलं की वजीर होतो. मी पहिल्या दिवशी वाचून दाखवलंय."

आणि तात्यांनी हत्ती उचलून बाजूला ठेवला, वजीर उचलला, आणि स्वतःच्या हाताने पटावर मांडला. दुसऱ्याच्या डावात, दुसऱ्याच्या बाजूने, पंचाने. मग एकदा पटाकडे पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "काळ्याला खेळी नाही. कोंडी. डाव बरोबरीत."

दिनानाथला आजही तो वजीर दिसतो. टोकाला थोडा टवका गेलेला. त्याला त्या वेळी आधी हसू आलं, मग कानशिलं तापली. त्याचा स्वभाव भित्रा. कचेरीत साहेबापुढे त्याचा आवाज फुटायचा नाही. पण तेव्हा तो उभा राहिला.

"तात्या, त्यांनी हत्ती घेतलाय. मला मान्य आहे."

"तुम्हाला मान्य असून काय उपयोग? नियम आहे."

"पण आम्ही दोघंही हत्तीच म्हणतोय."

"दोघं म्हणाल ते चालायला ही चावडी नव्हे."

"मग मी डाव सोडतो," दिनानाथ म्हणाला आणि त्याने आपला राजा आडवा केला.

तात्यांनी तो उचलून पुन्हा उभा केला. "संपलेला डाव सोडता येत नाही. बरोबरी झालेली आहे. बसा."

हरलेल्या माणसाला हरूही देत नाहीत, असा न्याय दिनानाथने पहिल्यांदाच पाहिला. त्याने पुन्हा राजा आडवा केला. तात्यांनी पुन्हा उभा केला. बाकापलीकडचा म्हातारा म्हणाला, "झोपूं द्या वो त्याला, मेलाय त्यो." या खेपेला कुणी हसलं नाही.

पंढरी उठला. तात्यांनी बाजूला काढून ठेवलेला हत्ती त्याने उचलला, पुन्हा शेवटच्या ओळीत वजिराच्या शेजारी ठेवला, छत्री घेतली आणि बाहेर पडला. सातपाटीची सगळी माणसं त्याच्यामागे गेली. बाक रिकामे झाले.

तात्यांनी मग आधीच्या फेऱ्यांची बेरीज केली. दिनानाथ अर्ध्या गुणाने पुढे निघत होता, म्हणजे ढाल त्याची. दिनानाथ म्हणाला, मी घेणार नाही. वाद झाला. मंडळाचे आणखी दोघे-तिघे आले, कुणी म्हणालं कशाला वाईटपणा, कुणी म्हणालं बाहेरगावची माणसं आहेत. शेवटी तात्यांनी उपकार केल्यासारखं जाहीर केलं: "ठीक. अंतिम डाव पुन्हा होईल." तारीख दिली ती नारळी पुनवेनंतरची.

दिनानाथला वाटलं, न्याय झाला. आपण बोललो, आणि आपल्या बोलण्याने काहीतरी घडलं, याचा त्याला थोडा अभिमानही वाटला असावा. ही बातमी आपणच द्यावी म्हणून तो सातपाटीला गेला. खाडीकाठी नावा उलट्या-सुलट्या, वर झापांचे आडोसे, खाली जाळ्यांचे ढीग. एका नावेखाली पंढरी जाळं सांधत होता. शेजारी फळीवर डाव मांडलेला, पांगाऱ्याच्या लाकडाची मोहरी, एका हत्तीच्या जागी जाळ्याचं बूच.

"बसा सायेब," पंढरी म्हणाला. "पाय वर घ्या, पानी हाय खाली."

दिनानाथने उत्साहाने सगळं सांगितलं. पंढरीचे हात थांबले नाहीत.

"कवा?"

दिनानाथने तारीख सांगितली. पलीकडे बसलेला एकजण जाळ्यात तोंड घालून हसला. "पुनव जाली की नावा लोटायच्या. त्या दिवशी तांडेल पालगरला प्यादी हलवणार, नि नाव कोन नेणार, तात्या?"

"तारीख बदलून घेऊ," दिनानाथ म्हणाला. "मी बोलतो त्यांच्याशी."

"तारीक ऱ्हावू दे," पंढरी म्हणाला. मग त्याने सुई जाळ्यात टोचून ठेवली. "तुमाला कोनी सांगितलं दुसरा डाव मागायला?"

"म्हणजे? तुमच्यावर अन्याय झाला म्हणून—"

"मी हरलो आसतो तर मागितला आसता. बरोबर सुटला आसता तर खेललो आसतो. मी जिंकलो ना? मग परत कशाला खेलूं? परत खेललो म्हंजे पयला जिंकला नव्हता असं मीच बोललो. तात्या बोलला तो बोलला. आता मीबी बोलूं?"

चांगुलपणा करायला गेलेल्या माणसाला असा चटका बसला, की पहिल्यांदा राग येतो. त्यालाही आला. एवढा वाद घातला, साहेबी माणसांशी भांडलो, आणि हा म्हणतो कुणी सांगितलं? पण गाडीत बसल्यावर, डोंगराकडे तोंड करून, तो तेच वाक्य पुन्हापुन्हा उलटसुलट करत राहिला, आणि बोईसर येईपर्यंत त्याचा राग पंढरीवरून उठून जिथे बसायला हवा तिथे बसला. तात्यांनी पुन्हा डाव देऊ केला तो न्याय म्हणून नव्हे. चोरी झाली, तर माल परत करायचा सोडून चोराने म्हणावं, चला, आपण पत्त्यांवर काढू कुणाचा ते. आणि आपण मान डोलावली.

ठरलेल्या दिवशी पंढरी समुद्रावर होता. दिनानाथ पालघरला गेला तो खेळायला नाही, सांगायला. पण तिथे खेळ नव्हताच. सतरंज्या अंथरलेल्या, हार आणलेले, टेबलावर ढाल, आणि पाहुणे म्हणून एक कंत्राटदार. तांडेल येणार नाही हे तात्यांना तारीख देतानाच माहीत होतं, एवढं आता दिनानाथला कळलं.

नाव पुकारल्यावर तो उठला आणि टेबलाजवळ जाऊन म्हणाला, "हा डाव मी हरलो आहे. सातपाटीच्या पंढरी तामोरेंनी मला हरवलं. ढाल त्यांची आहे."

आणि मग टाळ्या पडल्या.

पाहुणे भारावले. "खरी खिलाडूवृत्ती," ते म्हणाले. "जिंकूनही दुसऱ्याला मान देणारे असे तरुण या प्रकल्पाला लाभले, हे आपलं भाग्य."

"नाही, मी खरंच हरलोय," दिनानाथ म्हणाला.

पुन्हा टाळ्या.

माणूस खोटं बोलला तर त्याला पकडता येतं. खरं बोलणाऱ्याच्या तोंडावर हार घालून त्याचं खरं गिळून टाकलं, तर त्याने काय करावं? दिनानाथने गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि तो निघून आला. ढाल त्याने नेली नाही. मंडळाने ती भिंतीवर लावली, आणि दिवाळीनंतर तो त्या बाजूला गेला तेव्हा पितळी पट्टीवर कोरलेलं होतं: दिनानाथ खैरनार, तारापूर.

त्याचं नाव, त्याला न विचारता. असं नाव चोरीच्या भांड्यावर घालतात.

त्याच सुमारास बोईसरच्या बाजारात त्याला रखमा भेटली. पंढरीची बायको. म्हणजे, ती पंढरीची बायको हे त्याला त्याच दिवशी कळलं. तो बोंबील घ्यायला वाकला आणि ती पाटीवरचा हात न उचलता म्हणाली, "या ढालवाले."

आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या.

"मी घेतली नाही ती ढाल."

"नाव कोनाचं हाय तिच्यावर? माज्या नवऱ्याचं?"

"त्यांनी परस्पर घातलं. मी सांगितलं होतं."

"सांगितलं म्हने." ती शेजारणीकडे वळली. "ह्यांनी सांगितलं, नि त्यांनी आयकलं नाय. यवडा उंच मानूस, आवाज कवडा आसंल बग." मग त्याच्याकडे बघून जरा खालच्या आवाजात, "त्यो काय बोलत नाय हां घरात. मीच बोलते. बोंबील किती घालूं?"

ते बोंबील खोलीत कुणी खाल्ले की नाही, आठवत नाही. त्याने स्वतः खाल्ले नव्हते.

पुढे एका सुट्टीत तो मुंबईला गेला असताना दादरच्या एका क्लबात गेला. तिथल्या एका जुन्या खेळाडूला त्याने विचारलं, पोचलेल्या प्याद्याचा वजीरच करावा लागतो का? तो गृहस्थ समोरच्या डावावरून नजर न काढता म्हणाला, "वजीर, हत्ती, उंट, घोडा, ज्याची त्याची मर्जी. हे काय विचारणं झालं?"

म्हणजे पंढरी देशी नियमानेही बरोबर होता आणि तात्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमानेही. दोन्हीकडून जिंकला होता. चुकीचा नियम जगात फक्त एकच होता, तो तात्यांच्या तोंडातला.

दिनानाथ तडक पालघरला उतरला. तात्या ओसरीवर सुपारी कातरत होते. त्याचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. चूक कळली तर माणूस निदान चपापतो, दिनानाथ त्याचीच वाट बघत होता.

"मला का ते ठाऊक नव्हतं?" तात्या म्हणाले.

दिनानाथला वाटलं, आपण चुकीचं ऐकतोय.

"मर्जीचा नियम आहे, मान्य. पण मर्जी कुणाची? ज्याला कळतं त्याची. तुम्ही हत्ती घेतला असतात तर मी म्हटलं असतं, वा, कोंडी टाळली, काय नजर आहे. त्याने काय टाळलं? हत्तीचं घर म्हणून हत्ती. त्याला कोपरा दिसला होता असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल?"

दिनानाथचा हात छातीकडे गेला नाही.

"पाहिलंत? आंधळ्याच्या हाताला लागलेलं मी बक्षीस द्यायचं का? आणि आता ते वर्ष संपलं, पट्टी लागली. सुपारी घ्या."

डाव पटावर होतो की माणसाच्या डोक्यात शिरून बघायचा असतो? शहरातला माणूस बरोबर खेळला तर ती नजर, कोळी बरोबर खेळला तर तो अपघात. आणि हे बोलताना त्या माणसाचा हात अडकित्त्यावर जरासुद्धा अडखळला नाही. दिनानाथने सुपारी घेतली नाही. पायऱ्या उतरता उतरता त्याला तोंडाला येतील ती सगळी उत्तरं सुचली. ती आजवर त्याच्याकडे तशीच पडून आहेत.

पंढरीला तो कोपरा दिसला होता का? हे विचारायचं सोपं होतं. पावसाळ्यात, नावा किनाऱ्याला लागल्या, की दिनानाथ एखाद्या रविवारी सातपाटीला जायचा, त्या आडोशाखाली बसायचा. पण तो प्रश्न त्याने कधी केला नाही. केला असता, तर तोही तात्यांच्या ओसरीवर जाऊन बसला असता. त्यामुळे पंढरीच्या मनात त्या दुपारी काय होतं हे दिनानाथला माहीत नाही, आणि माहीत नाही याचं त्याला वाईट वाटत नाही.

वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. दादरला कळलेलं त्याने पंढरीला सांगितलं होतं. पंढरी म्हणाला, "मी जिंकलो हे मला दादरवरून कललं पायजे काय?" आणि जाळं दुसऱ्या बाजूला वळवून बसला. मग थोड्या वेळाने, "तुमी राजा आडवा केलात दोनदा, ते मी बगितलं. समोरच बसलो होतो." त्या विषयावर त्या दोघांमधलं बोलणं तेवढंच.

पण पंढरी त्याच्याशी पुन्हा कधी खेळला नाही. गावातल्या कुणाशीही खेळायचा, शिरगावहून कुणी आला तर त्याच्याशी, नवापूरच्या व्याह्याशी. दिनानाथने बसून बघायचं, बोलायचंसुद्धा. एव्हाना त्याला आळीसारखं मधेमधे बोलायला येऊ लागलं होतं. "घोडा अडकला तुमचा," तो म्हणायचा, आणि पंढरी म्हणायचा, "अडकला नाय, बसलाय." पण पट रिकामा झाला आणि दिनानाथ सरसावून बसला, की पंढरी मोहरी गोळा करायला लागायचा. दुसरा डाव म्हणजे पहिल्यावर पाणी. त्याचं ते गणित कधी बदललं नाही. तीन पावसाळे असे गेले.

दिनानाथला पुढे ज्या ज्या माणसांशी खेळायला मिळालं त्यात पंढरीच्या तोडीचा कुणी नव्हता असं नाही, होते. पण समोर बसून ज्याच्याशी खेळावंसं वाटलं असा तो एकच होता, आणि तात्यांनी तो त्याच्याकडून कायमचा काढून घेतला. ढाल एका गावाची गेली, डाव मात्र दोघांचे गेले. याबद्दल कुणावर खटला होत नाही.

एकोणसत्तरच्या पावसाळ्यात त्याची बदली राजस्थानात झाली. निघायच्या आधी तो सातपाटीला गेला. आडोशाखाली पंढरी एकटाच होता, चुलीवर चहा उकळत होता, फळीवर पट रिकामा पडला होता. दिनानाथने बदलीचं सांगितलं. पंढरीने तिकडे समुद्र आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर मान हलवली. खाडीत भरतीचं पाणी चढत होतं.

"एक डाव टाकायचा?" दिनानाथ म्हणाला.

"नको. चाय घ्या." पंढरीने कप पुसून पुढे केला. "साखर नाय आज, गुलाची हाय."

"चालेल," दिनानाथ म्हणाला.